बंद गाडीचं गरम इंजिन

१

सांग म्हणणाऱ्याचं काय जाते? पानठेल्यावर बसायचं, खर्रा घोटायचा, अन् लटारू मिस्त्री समोरून जाताना दिसला की हाक मारायची, "मामा, ती गाडीची गोष्ट सांगा ना." जसं काही त्याला दुसरे धंदेच नाहीत. ऐकून झालं की अर्धे हसतात, अर्धे घरी जाऊन बायकोला भलतंच सांगतात. महिन्याभराने तीच गोष्ट फिरून त्याच्याच कानावर येते, तेव्हा तिच्यात चुडेल असते अन् उलटे पाय असतात. चुडेल नव्हती. उलटे पाय नव्हते. एक अँबेसिडर गाडी होती अन् ती सुरू होत नव्हती. आता एकदाचं नीट ऐका अन् मग त्या म्हाताऱ्याचा पिच्छा सोडा.

लटारूचं शिक्षण म्हणजे शाळेच्या भिंतीची सावली अंगावरून गेली एवढंच. पण घर धम्माची दीक्षा घेतलेलं. बाप सांगून गेला होता, भूत नाही, देवी नाही, अंगात येणं नाही. जे आहे ते डोळ्याने पाहायचं अन् हाताने तपासायचं. मिस्त्रीकामाला हे फार बरोबर जुळलं. "इंजिनले तीनच गोष्टी लागते," तो सांगायचा, "करंट, तेल अन् हवा. माणसाले चौथी लागते, अक्कल. म्हणून माणसं जास्त बिघडते."

पंच्याऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. लटारूची बहीण मनकर्णा त्याच्याच गावात, पोंभुर्ण्यात राहायची. तिचा पोरगा हरिदास घुग्घुसच्या खाणीत लागलेला, त्याचं लग्न नाल्यापलीकडच्या देवाजीच्या पोरीशी ठरलं. मधे सगळं जंगल अन् नाल्यावरचा रपटा, म्हणजे वरून पाणी वाहणारा बुटका पूल. बोलणी चालू असताना देवाजीकडचं कोणी तरी हसत बोललं, "वरात बंडीनंच आणान ना? या बापा, बैलाच्या कडब्याचीही सोय करून ठेवू." सगळे हसले. मनकर्णाही हसली. घरी येऊन मात्र तिने जेवणाचं ताट सरकवलं. "भाऊ, माहा पोरगा मोटारीनं जाईन. नाई तर मी त्या मांडवात पाय ठेवत नाई."

गावात मोटार एकच. गुणवंतराव राईसमिलवाल्याची पांढरी अँबेसिडर, अन् ती मिलच्या शेडमध्ये कोंबड्यांचं खुराडं होऊन पडलेली. गुणवंतराव म्हणाले, "चालू करून दे लटारू, अन् ने वरातीले." लटारूने कोंबड्या हाकलल्या अन् कामाला लागला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी गाडी शिलाई मशीनसारखी चालत होती. तळ्यापर्यंत एक चक्कर मारून त्याने ती शेडमध्ये लावली, चावी अंगातल्या बंडीच्या खिशात घातली, खिशाला पिन लावली अन् झोपला.

२

सकाळी धुकं असं दाट की मिलचं धुराडं अर्धंच दिसे. शेडसमोर वऱ्हाड जमलेलं. गाडीला झेंडूच्या माळा, बँडवाले शेकोटीवर ताशे तापवून राह्यलेले, मनकर्णा नव्या पांढऱ्या साडीत सगळ्यांना चहा घ्या चहा घ्या करत फिरत होती. हरिदास बुटाला फडकं मारत उभा. लटारू ऐटीत गाडीत बसला अन् सेल्फ मारला.

घर्र, घर्र, घर्र.

पुन्हा मारला. घर्र, घर्र.

"आवाज तर चांगला देऊन राह्यली," रामाजी म्हणाला. रामाजीकडे ट्रॅक्टर होता अन् वरात आपल्या ट्रॅक्टरने न जाता मोटारीने जाते याचा त्याला मनातून राग होता. "मिस्त्री, तिले पत्रिका दिली का? रुसली असन."

"तुले तरी कुठी दिली होती? तरी तू आलाच ना," लटारू म्हणाला अन् खाली उतरून त्याने बॉनेट उघडलं.

आधी करंट. कॉइलची वायर इंजिनाच्या ब्लॉकजवळ धरून सेल्फ मारायला लावला, निळी ठिणगी टच्च उडाली. मग तेल. पंपाची नळी सोडली, पेट्रोल पिचकारीसारखं आलं. मग हवा. एक प्लग काढला, भोकावर अंगठा दाबला अन् हरिदासला हँडल फिरवायला सांगितलं. अंगठा फाटकन उडाला. तिन्ही गोष्टी जागेवर. तिन्ही पास. अन् गाडी नापास.

तो विचार करत ब्लॉकवर हात टेकून उभा राहिला, अन् हात झटक्याने मागे घेतला.

ब्लॉक गरम होता.

कोमट नाही, गरम. लांबचा पल्ला मारून आलेल्या गाडीचा असतो तसा. रात्रभर गाडी थंडीत उभी. शेकोटीजवळच्या माणसांच्या तोंडून वाफा निघत होत्या अन् हे लोखंड चुलीसारखं. लटारूने फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण जरा सैल केलं. आत पाणी उकळत होतं. वाफेचा लोट वर गेला अन् धुक्यात मिसळला, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याने झाकण पुन्हा बसवलं.

सेल्फ मारून मारून तापलं असेल, त्याने स्वतःला समजावलं. सेल्फ मारून पाणी उकळत नाही हे त्याला माहीत होतं. पण माणसाने स्वतःला काही तरी सांगावं लागते.

३

"ढकला," तो म्हणाला. "दुसऱ्या गिअरमधे उचलतो."

अँबेसिडर म्हणजे हत्तीण. तिला हलवायचं तर चांगले गडी लागतात, कोणी पाठ लावतो, कोणी शिव्या देतो, तेव्हा ती इंचभर सरकते. लटारू स्टेअरिंगवर बसला. गडी अजून बाह्या वर करून राह्यले होते, बँडवाला ताशा खाली ठेवायला जागा पाहत होता. मनकर्णाने गंमत म्हणून डिक्कीवर एक हात ठेवला अन् "चल माय" म्हणाली.

गाडी चालू लागली.

सुपासारखी हलकी. शेडमधून अंगणात आली, अंगणातून रस्त्याला. बायका हसायला लागल्या. एक जण म्हणे मनकर्णाने रात्री काय खाल्लं विचारा. लटारूने क्लच सोडला. इथं गाडीला दणका बसायला पाहिजे, चाकं अडली पाहिजे. काही नाही. चाकं तशीच फिरत राहिली, जशी आत अडवणारं काही नव्हतंच.

"मिस्त्री," रामाजी ओरडला, "इंजिन हाये ना अंदर? का कोनी काढून नेलं?"

सगळे खो खो हसले. लटारूही हसला. पण गाडी थांबवून खाली उतरताना त्याची नजर मागच्या चाकावर गेली अन् त्याचं हसणं तिथंच राहिलं. चाकाला लाल चिखल होता. ओला, ताजा. तळ्याच्या रस्त्याला काळी माती, अन् पाऊस पडून महिने झालेले. मडगार्डच्या आत बोट घातलं तर एक भिजलेलं करंजाचं पान हाताला आलं. करंज गावात कुठंच नाही. करंज रपट्याला, नाल्याच्या काठावर.

त्याने खिशावर हात ठेवून पाहिला. चावी गाडीलाच होती, ती त्यानेच लावलेली. अन् सकाळी उठला तेव्हा पिन जशीच्या तशी होती. ते त्याला चांगलं आठवत होतं.

४

मिस्त्री लोकांची एक रीत आहे. इंजिनात कुठं खटखट होते ते समजत नसलं की लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक ब्लॉकवर टेकवायचं अन् मूठ कानाला लावायची. आतलं सगळं ऐकू येते. पण हे चालू इंजिनाचं काम. बंद इंजिनाला पेचकस लावणारा मिस्त्री म्हणजे दगडाची नाडी पाहणारा डॉक्टर. लटारूने तो का लावला, त्याला आजही सांगता येत नाही.

आत इंजिन चालू होतं.

लांबून यावा तसा आवाज, पण स्वच्छ. तिसऱ्या गिअरमध्ये, मजेत. एका व्हॉल्व्हची बारीक टिकटिक होती, ती त्याने काल संध्याकाळी ऐकली होती अन् लग्नानंतर पाहू म्हणून सोडून दिली होती. म्हणजे गाडी हीच. मग त्या आवाजावर माणसं आली. गाडीत बसलेली, हसणारी, एकमेकांना कोपरखळ्या मारणारी. त्यात मनकर्णाचं हसणं होतं. तिचं हसणं लपत नाही, आधी उचकी लागल्यासारखं होते अन् मग ती थांबतच नाही.

लटारूने मान वर केली. मनकर्णा समोरच उभी होती, बँडवाल्याला फराळाची पुडी देत. तोंड बंद.

पेचकसात गिअर उतरला. चाकं दगडांवरून खडखडली. मग पाणी आलं. इंजिनाचा आवाज जड झाला, दबला. पाणी वर चढत गेलं, अन् हसणं काही थांबलं नाही. इंजिन पाण्याखालून चालत राहिलं अन् त्याच्यावर तेच हसणं, बुडबुड्यांसारखं, खुशीत.

बाकीचे बँडवाले वाजवून राह्यले होते, त्यांचाच आवाज लोखंडातून येत असेल, त्याला वाटलं. त्याने हात वर करून बँड थांबवला अन् पुन्हा कान लावला. हसणं चालूच. मग म्हणाला, "हरिदास, इकडं ये. ऐक जरा."

हरिदासने पेचकस कानाला लावला. नवा कोट चुरगळू नये म्हणून अंग सावरून वाकला. हळूहळू त्याचं तोंड हसरं झालं.

"मामा, चालूच हाये ना मंग. मस्त चालू हाये."

"अजून काय ऐकू येते?"

"कोनी तरी मले आवाज देऊन राह्यलं." तो अजून ऐकतच होता. "चल म्हणते. लवकर ये म्हणते."

लटारूने पेचकस त्याच्या हातातून ओढून घेतला. एवढ्या जोराने, की हरिदासच्या कानाला खरचटलं.

अन् तेव्हा त्याच्या डोक्यात सरळ मिस्त्रीचा हिशोब लागला. चालू इंजिन सुरू कसं होईल? सुरू करायचं तर ते आधी बंद करावं लागते.

५

त्याने चावी बंद करून काढली, अन् पान्याने बॅटरीची वायर सोडली.

थोडा वेळ काही झालं नाही. मग गाडी खाली बसली. स्प्रिंगा कुईकुई करत दबल्या, आधी मागून, मग पुढून, जशी माणसं एकेक करून आत येऊन टेकावी. झेंडूच्या माळा हलल्या. रामाजी बोलता बोलता डिक्कीला टेकला, अन् त्याने सहज मागे रेटलं तर गाडी तसूभर हलली नाही. लोखंड थंड होताना टिकटिक करते तसं बॉनेटखाली सुरू झालं. लटारूने आत डोकावून पाहिलं नाही. मागच्या सीटकडे तर नाहीच.

त्याच्या हातांना मात्र कळलं होतं. मिस्त्रीला कळते ते. आता वायर लावायची, अर्धा सेल्फ मारायचा, अन् गाडी सुरू होणार.

तेवढ्यात गुणवंतराव आले. धोतर, कोट, हातात काठी. वरातीत त्यांना मान होता. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. मग चाकाकडे पाहिलं. मग टाकीचं झाकण उघडून आत काडी घातली, आदल्या दिवशी टाकी भरून दिली होती अन् काडीचं नुसतं टोक ओलं झालं.

"लटाऱ्या," ते म्हणाले, अन् बँडवाल्यांच्या शेकोटीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले. "रातभर कुठी फिरवली माही गाडी?"

"कुठीच नाई, गुणवंतभाऊ. तुमच्या शेडातच होती."

"इंजिन गरम, चाकं चिखलात, टाकी खाली. अन् शेडात होती. मले शिकवतं काय बे? भल्यासाठी दिली तर चोरून उधळत फिरला. तुम्हा लोकायले हातात काही द्यावंच नाई."

कोणी हसलं नाही. मनकर्णाच्या हातातला चहाने भरलेला गंज खाली टेकला.

"मी चोर नाई," लटारू म्हणाला.

"मंग सुरू करून दाखव. एवढा मोठा मिस्त्री ना तू? सगळ्याच्या समोर सुरू कर. मी माहे शब्द वापस घेतो."

सगळे त्याच्याकडे पाहत होते. पान्याचं काम होतं, दोन आटे. बहिणीची मोटार, स्वतःचं नाव, गुणवंतरावाचं तोंड, सगळं त्या दोन आट्यांवर. हरिदास तर दाराला हात लावूनच उभा होता, आत बसायची घाई झाल्यासारखा. गालावर अजून तेच हसू.

लटारूने पान्याकडे पाहिलं. पेचकसातलं ते पाणी अजून त्याच्या कानात होतं. त्याने पाना धोतराच्या खोचेत खोचला.

"नाई होत," तो म्हणाला. "माह्याच्यानं नाई होत ही गाडी."

आयुष्यात हे वाक्य त्याने कोणासमोर उच्चारलं नव्हतं. मनकर्णाने त्याच्याकडे पाहिलं ते पाहणं सोसायला फार कठीण होतं. ती फक्त हरिदासच्या दंडाला धरून त्याला गाडीपासून दूर घेऊन गेली, रागाने, अन् लटारूला तेवढंच पाहिजे होतं.

"चला मंग," रामाजीला आनंद लपवता येत नव्हता. "माहा ट्रॅक्टर रुसत नाई, बरं का. डिझेल पाज अन् जय भीम."

६

ट्रॉलीत गवत टाकलं, वर सतरंज्या टाकल्या, गाडीच्या माळा काढायला लटारूने कोणाला जाऊ दिलं नाही म्हणून नव्या आंब्याच्या डहाळ्या बांधल्या. बँडवाले ट्रॉलीच्या कडेवर पाय सोडून बसले. वरात निघाली ती अशी वाजत निघाली की जंगलातली वानरं झाडावरून पाहायला लागली. बायकांनी गाणी म्हटली, देवाजीच्या नावाने उखाणे झाले. मनकर्णाचा रागही अर्ध्या रस्त्यात उतरला, कारण ट्रॉली उसळली की सगळ्या बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या अन् रागावून राहायला सवडच नव्हती.

गुणवंतराव ट्रॅक्टरच्या एका मडगार्डवर बसले, मानाचा माणूस म्हणून. दुसऱ्या मडगार्डवर लटारू, मामा म्हणून. मधे रामाजी. दोघं एकमेकांकडे पाहत नव्हते.

धुकं केव्हाच गेलेलं. चांगलं ऊन पडलेलं. रपट्याचा उतार लागायच्या आधी मागून हॉर्न वाजला.

रामाजीने ट्रॅक्टर कडेला घेतला. पांढरी अँबेसिडर हळू, डौलात, शेजारून पुढे निघाली. झेंडूच्या माळा लावलेली. व्हॉल्व्हची बारीक टिकटिक येत होती. काचा सगळ्या वर, अन् आतून वाफ धरलेली, त्यामुळे आतली माणसं नुसती पांढरी पांढरी हलताना दिसत होती. हसण्याचा आवाज काचेतूनही बाहेर येत होता. लटारूच्या बरोबरीला आल्यावर आतून एका हाताने काच पुसली. तळहाताएवढी जागा झाली, अन् तिथं एक चेहरा आला. हसत होता. लटारूने तो ओळखला. कोणाचा होता ते त्याने आजपर्यंत मनकर्णाला सांगितलेलं नाही.

गाडी पुढे गेली. गुणवंतरावाचे डोळे तिच्या नंबरप्लेटवर होते. त्यांचे ओठ हलले, एकेक आकडा वाचल्यासारखे. मग त्यांनी मान फिरवली अन् सकाळच्या त्या बोलण्यानंतर पहिल्यांदा लटारूकडे पाहिलं. मग चटकन नजर पुढे वळवली.

गाडी उतारावरून रपट्याकडे वळली अन् झाडाआड झाली.

"कोनाची वरात होती रे भाऊ?" मागून मनकर्णाने विचारलं. तिने हातही हलवला होता. "आपल्याहून जास्त हसून राह्यले होते."

"असन कोनाची तरी," लटारू म्हणाला.

रपट्यावर पाणी घोट्याएवढंच. पण गढूळ, नुकतंच कोणी ढवळल्यासारखं. अलीकडच्या काठावर लाल चिखलात चाकांच्या ताज्या खुणा पाण्यात उतरत होत्या. पलीकडच्या काठावर सरळ चढ, पांढरी धूळ, अन् धुळीवर एक खूण नाही. रामाजीने ब्रेक दाबला. तो एकदा या काठाकडे, एकदा त्या काठाकडे पाहू लागला. मागून ट्रॉलीतल्या बायका ओरडल्या, "काऊन थांबला?"

"पाणी पाहून राह्यलो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. मग त्याने गिअर टाकला अन् सगळ्यांना पार नेलं.

लग्न छान झालं. वंदना झाली, हार पडले, जेवणं उठली. देवाजी ट्रॅक्टरभोवती फिरून म्हणाला, "बंडी आणान म्हणलं होतं, हे तर जहाज आणलं." मनकर्णा एवढी हसली की तिला उचकी लागली. हरिदासचा संसार आज भरलेला आहे, त्याची पोरं लटारूला आबा म्हणतात.

दुसऱ्या दिवशी गुणवंतराव एकटेच शेडमध्ये गेले. आत काय पाहिलं ते कोणाला बोलले नाहीत. गाडी तिथंच होती, वायर सुटलेली, कोणी हात न लावलेली. थोड्याच दिवसांत ती चंद्रपूरच्या भंगारवाल्याला गेली, अन् तिला ओढून नेण्यासाठी त्यांनी रामाजीचा ट्रॅक्टर नाही, बैल लावले.

मनकर्णाने नंतर स्वतःहून विचारलं, "भाऊ, तुले गाडी सुरू करता येत होती ना?" तो हो म्हणाला. तिने डोळे पुसले अन् त्याचा हात धरला. रामाजीही एकदा उन्हाळ्यात पाण्याचा लोटा घेऊन आला अन् थट्टेबद्दल चुकलं म्हणाला. पण गावात बाकीच्यांसाठी लटारू म्हणजे रात्री मालकाची गाडी पळवणारा मिस्त्री, तो तसाच राहिला. भर वरातीत निघालेला शब्द आहे, तो असा आपोआप मिटत नाही. ज्याने काढला त्यानेच चारचौघांत मागे घ्यावा लागतो. अन् तो माणूस मेलेला नाही, आंधळा नाही, मुका नाही. रपट्याच्या उतारावर भर उन्हात त्याने तो नंबर वाचला आहे. आजही मिलच्या ओट्यावर ऊन खात बसतो, अन् लटारू रस्त्याने दिसला की पेपर तोंडापुढे धरतो. गुणवंतराव.